काट्यावर वजन तेच, पण दंड कुठे गेले?

आमच्या वस्तीत एक गृहस्थ राहतात. लहानथोर सगळे त्यांना अण्णा म्हणतात. अण्णांनी उभी हयात मालधक्क्यावर हमाली केली. पन्नास किलोचे पोते पाठीवर घेऊन फळी चढणारा हा माणूस. त्या पाठीच्या आणि दंडांच्या जोरावर त्यांनी दोन मुली शिकवल्या, त्यांची लग्ने केली, डोक्यावर पक्के छप्पर घातले. पुढे मधुमेह आणि रक्तदाब या जोडगोळीने त्यांची मूत्रपिंडे निकामी केली आणि डायलिसिस सुरू झाले.

गेल्या पावसाळ्यात योजनेचे काही कागद भरायचे म्हणून मी त्यांच्या घरी गेलो होतो. अण्णा चटईवर बसले होते. सही करायला पेन हवे होते, ते समोरच्या फळीवर. अण्णा उठू लागले आणि उठता येईना. एक हात जमिनीवर, एक हात भिंतीला. शेवटी वहिनींनी काखेत हात घालून उभे केले. मी पाहतच राहिलो. बनियनच्या बाहीतून दंड दिसत होता. मुलाच्या मनगटाएवढा.

मी म्हणालो, "वहिनी, अण्णा फार वाळले हो."

वहिनी म्हणाल्या, "नाही भाऊ, वजन कुठं कमी झालंय? वर्षापूर्वी अठ्ठावन्न होतं, आजही अठ्ठावन्नच आहे. आणि क्रिएटिनिन तर साडेनऊवरून सहावर आलंय."

त्यांनी फाईल काढून दाखवली. मी कारकून माणूस, आकड्यांवर विश्वास ठेवणारा. दोन्ही आकडे पाहिले आणि म्हणालो, "मग छानच आहे की!"

ते छान नव्हते. ते दोन्ही आकडे आम्हा सगळ्यांची फसवणूक करत होते. ती फसवणूक कशी होते आणि आपल्या घरात ती कशी ओळखायची, हे समजून घेण्यासाठी आजचा लेख. आपल्या वस्त्यांत मधुमेह आणि रक्तदाब घरोघरी आहे, म्हणून हा विषय कोणालाही परका नाही.

दोन आकडे, दोन फसवणुकी

पहिला आकडा वजनाचा. मूत्रपिंड निकामी झाले की लघवी कमी होते आणि प्यालेले पाणी अंगात साठते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. समजा, वर्षभरात रुग्णाचे चार किलो मांस झडले आणि त्याच काळात अंगात चार लिटर पाणी वाढले, तर काटा काय दाखवणार? जेवढे होते तेवढेच! काट्याला मांस आणि पाणी यांतला फरक कळत नाही. म्हणून डायलिसिसवाले डॉक्टर 'कोरडे वजन' असा शब्द वापरतात. जास्तीचे सर्व पाणी काढल्यावर जे उरते ते खरे वजन. मांस झडले की हे कोरडे वजन नव्याने ठरवावे लागते. ते ठरवले नाही, तर जुन्याच वजनापर्यंत पाणी काढले जाते, उरलेले पाणी अंगात राहते, सूज येते, दम लागतो आणि काटा मात्र 'सर्व ठीक' म्हणत राहतो.

दुसरा आकडा क्रिएटिनिनचा. आपण सगळे त्याला 'किडनीचा आकडा' समजतो. पण क्रिएटिनिन तयार कुठे होते? स्नायूंत. १८३२ साली शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने मांसाच्या रसातून एक पदार्थ वेगळा काढला आणि मांस या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला क्रिएटिन हे नाव दिले. स्नायूंतल्या या क्रिएटिनपासून रोज थोडे थोडे क्रिएटिनिन सुटते, रक्तात येते आणि मूत्रपिंड ते बाहेर टाकते. म्हणजे रक्तातले क्रिएटिनिन दोन कारणांनी कमी होऊ शकते. एक, ते बाहेर टाकण्याचे काम सुधारले. दोन, ते तयार करणारा कारखानाच लहान झाला.

डायलिसिस सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत आकडा उतरतो, तो यंत्राच्या साफसफाईमुळे. पण पुढे डायलिसिस तेवढेच, लघवी तेवढीच आणि तरीही सुईवर बसण्याआधीचे क्रिएटिनिन महिन्यामागून महिने घसरत असेल, तर आनंद मानू नका. कारखाना बंद पडत चालला आहे का, हे डॉक्टरांना विचारा.

डायलिसिस न लागलेल्या रुग्णांनाही हे लागू आहे. बारीक, अशक्त माणसाचे क्रिएटिनिन स्नायू कमी असल्याने मुळात कमीच येते, त्यामुळे मूत्रपिंड आहे त्यापेक्षा चांगले वाटते. अशा वेळी डॉक्टर सिस्टॅटिन-सी नावाची दुसरी तपासणी सांगू शकतात. तिचा स्नायूंशी फारसा संबंध नसतो.

मांस झडते कशाने?

आपल्याकडे समज असा की, आजारी माणूस बारीक होणारच, त्यात नवल काय? पण मूत्रपिंडाच्या जुनाट आजारात होणारी झीज ही नुसती उपासमार नव्हे. २००८ साली जगातील तज्ज्ञांनी एकत्र येऊन या झिजेला वेगळे नाव आणि तिचे निकष ठरवून दिले. प्रथिने आणि ऊर्जा यांचा साठा आटत जाणे, असा त्या नावाचा अर्थ. तिची कारणे अनेक आहेत.

पहिले कारण भूक मरणे. रक्तात घाण साठली की तोंडाला धातूसारखी चव येते, मळमळते, अन्नाचा वास नको होतो.

दुसरे कारण आम्ल. आपण खातो त्यातून रोज आम्ल तयार होते आणि निरोगी मूत्रपिंड ते बाहेर टाकते. ते साठू लागले की शरीरातली यंत्रणा स्नायूंतली प्रथिने मोडण्याचा वेग वाढवते. रक्ताच्या अहवालात बायकार्बोनेट नावाचा आकडा असतो. तो २२ च्या खाली असेल तर डॉक्टरांच्या नजरेस आणा. लंडनमध्ये १३४ रुग्णांवर केलेला एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात बायकार्बोनेटच्या गोळ्या घेणाऱ्यांच्या दंडातील स्नायू अधिक चांगले टिकले आणि मूत्रपिंडाची घसरणही मंदावली. मात्र ब्रिटनमध्येच साठ वर्षांवरील रुग्णांवर झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत असा फायदा दिसला नाही. म्हणून गोळी कोणाला द्यायची हे डॉक्टरच ठरवतील. घरच्या डब्यातला खाण्याचा सोडा पाण्यात घालून पिऊ नये. त्यातल्या सोडियमने सूज आणि रक्तदाब वाढतो.

तिसरे कारण अंगात सतत धुमसणारा दाह आणि इन्सुलिनचे काम बिघडणे. इन्सुलिन फक्त साखरेचे काम करत नाही, स्नायू राखण्याचेही करते. मधुमेही रुग्णाची झीज म्हणूनच अधिक होते.

चौथे कारण खुद्द डायलिसिस. यंत्राची गाळणी घाण काढते, तसे रक्तातले बारीक उपयोगी पदार्थही जाऊ देते. प्रथिने ज्यांची बनतात ती अमिनो आम्ले एका डायलिसिसमध्ये साधारण ६ ते १२ ग्रॅम निघून जातात. पोटाच्या डायलिसिसमध्ये दिवसाला ५ ते १५ ग्रॅम प्रथिने जातात.

पाचवे कारण अंथरूण. "तुम्ही पडून राहा, काही करू नका," असे आपण मायेने म्हणतो. न वापरलेला स्नायू शरीर ठेवत नाही.

वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून मला हे असे दिसते: जमा कमी झाली, खर्च वाढला, मग माणूस भविष्य निर्वाह निधीला हात घालतो. स्नायू हा शरीराचा भविष्य निर्वाह निधी आहे. आणि ज्यांच्याकडे जमीनजुमला नाही, त्या आपल्यासारख्यांचे तर तेच भांडवल. ते आटले की जमिनीवरून उठता येत नाही, तोल जातो, हाडे मोडतात, जंतुसंसर्गाशी झुंजायला बळ उरत नाही. डायलिसिसच्या रुग्णांत ज्यांचे स्नायू झडतात त्यांना मृत्यूचा धोका अधिक असतो, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसले आहे.

कपाटावरचा कागद

आता अण्णांकडे परत येऊ. त्या दिवसानंतरच्या आठवड्यात मी त्यांच्याबरोबर रुग्णालयात गेलो. तिथल्या आहारतज्ज्ञ बाईंनी अण्णांचा दंड दोन बोटांत धरून पाहिला आणि विचारले, "खायला काय देता?"

वहिनी अभिमानाने म्हणाल्या, "एक दिवस चुकू दिला नाही, बाई. डाळ नाही, अंडं नाही, मटण-मासळी तर उंबऱ्याच्या आतसुद्धा आणत नाही. डॉक्टरांनी दिलेला कागद कपाटावर चिकटवलाय, त्याप्रमाणेच सगळं."

बाईंनी विचारले, "कागद कधीचा?"

कागद दोन वर्षांपूर्वीचा होता. डायलिसिस सुरू होण्याच्या आधीचा. त्या वेळी तो बरोबरच होता. पण डायलिसिस सुरू झाले आणि कोणीही त्यांना सांगितले नाही की, आता हा कागद रद्द झाला. ज्या बाईने एकनिष्ठपणे नवऱ्याचे पथ्य सांभाळले, तिच्याच हातून नकळत त्याची उपासमार झाली. वहिनी तिथेच डोळ्यांना पदर लावून बसल्या. दोष त्यांचा नव्हता. आणि मी? दररोज कचेरीत कागदाची तारीख पाहणारा मी, त्या कपाटासमोर कितीदा चहा प्यालो होतो!

वाचकांनी हा फरक पक्का लक्षात ठेवावा.

डायलिसिसच्या आधी प्रथिने बेताने घ्यायची असतात, म्हणजे मूत्रपिंडावरचा भार कमी होतो. डॉक्टर व आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली साधारणपणे वजनाच्या दर किलोला दिवसाला ०.६ ते ०.८ ग्रॅम. साठ किलोच्या माणसाला ३६ ते ४८ ग्रॅम. बेताने म्हणजे बंद नव्हे! आणि भात, भाकरी, तेल यांतून पोटभर ऊर्जा मिळालीच पाहिजे. नाहीतर शरीर चुलीत स्वतःचे मांस घालते. वृद्ध आणि आधीच खंगलेल्या माणसाला हे बंधन सैल करावे लागते.

डायलिसिस सुरू झाल्यावर हिशेब उलटतो. घाण काढायला यंत्र आहे, पण यंत्र प्रथिनेही नेते. म्हणून दर किलोला १ ते १.२ ग्रॅम प्रथिने लागतात. साठ किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. म्हणजे पूर्वीच्या जवळजवळ दीडपट!

साठ ग्रॅमचा जमाखर्च

हे आपल्या घरात जमते का? मी वहीत मांडून पाहिले. दिवसभरात चार चपात्या किंवा मध्यम भाकऱ्या, सुमारे १२ ग्रॅम. दोन वाट्या भात, ६ ग्रॅम. एक वाटी घट्ट वरण, ६ ग्रॅम. एक अख्खे अंडे आणि दोन अंड्यांचे पांढरे, १३ ग्रॅम. हाडांशिवाय शंभर ग्रॅम कोंबडी किंवा ताजी मासळी, २० ग्रॅम. अर्धी वाटी दही, ३ ग्रॅम. बेरीज ६०. ज्या दिवशी मासळी परवडत नाही त्या दिवशी अंड्यांचे पांढरे वाढवता येते. पांढऱ्यात प्रथिने भरपूर आणि फॉस्फरस अगदी कमी, म्हणून या रुग्णांना ते विशेष सोयीचे. औषधाच्या दुकानातल्या प्रथिनांच्या डब्याच्या किमतीत कित्येक डझन अंडी येतात. डबा डॉक्टरांनी सांगितला तर जरूर घ्यावा, पण व्यायामशाळेतली भुकटी, वैदूचे भस्म आणि ताकदीची निनावी औषधे मात्र घरात आणू नयेत.

काही सूचना सोबत. पोटॅशियम, फॉस्फरस आणि पाणी यांची मर्यादा प्रत्येक रुग्णाची वेगळी असते, म्हणून वरचा हिशेब आपल्या डॉक्टरांना दाखवूनच लागू करावा. आपल्याकडचे लाडके सुकट-बोंबील प्रथिनांनी भरलेले खरे, पण खारवलेली सुकी मासळी म्हणजे मिठाचा साठा. लोणचे-पापडाचेही तेच. मिठाने तहान लागते, तहानेने पाणी वाढते आणि काटा पुन्हा खोटे बोलू लागतो. फॉस्फरस कमी करणारी गोळी दिली असेल तर ती जेवणाबरोबरच घ्यायची असते.

डायलिसिसच्या दिवसाकडे खास लक्ष द्या. रुग्ण पहाटे निघतो, दुपारी थकून येतो आणि न जेवता झोपतो. ज्या दिवशी खर्च सर्वांत जास्त, त्याच दिवशी जमा शून्य. केंद्रात चालत असेल तर त्यांना विचारून डब्यात उकडलेली अंडी द्यावीत. नाहीतर घरी आल्याबरोबर ताट वाढावे.

आणि डायलिसिस चुकवू नका. साधारण प्रमाण आठवड्याला तीन वेळा, चार-चार तासांचे. गाडीभाडे आणि बुडणारा रोज यामुळे आपल्याकडे पुष्कळ जण दोनदाच करतात. घाण साठते, भूक मरते आणि झीज सुरू होते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे. केंद्र सरकारने २०१६ साली सुरू केलेल्या प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयांतून दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना ही सेवा मोफत मिळते. कागद भरता येत नसतील तर वस्तीतल्या शिकलेल्या मुलांनी ते भरून द्यावेत.

घरच्या घरी परीक्षा

शिंप्याची टेप आणि हातातले घड्याळ एवढे पुरे. महिन्यातून एकदा, डायलिसिसनंतरच्या दिवशी, सुई लावत नाहीत त्या हाताच्या दंडाचा मधला घेर मोजा आणि तारखेसह वहीत लिहा. पोटरीचाही मोजा. २०१९ साली आशियाई तज्ज्ञांनी दिलेल्या निकषांप्रमाणे पुरुषाच्या पोटरीचा घेर ३४ सेंटिमीटरपेक्षा आणि स्त्रीचा ३३ पेक्षा कमी असेल तर स्नायू झडल्याची शंका घ्यावी. पायाला सूज असेल तर मात्र ही टेपही फसवते. मग दंडावर भरवसा ठेवावा.

दुसरी परीक्षा खुर्चीची. हात छातीशी बांधून खुर्चीतून पाच वेळा उठायचे आणि बसायचे. बारा सेकंद किंवा जास्त लागले, तर पायांतली ताकद कमी झाली आहे. याशिवाय बरणीचे झाकण न उघडणे, कळशी न उचलणे, बसची पायरी चढताना दांडा घट्ट धरावा लागणे, या खुणा घरच्यांनी टिपाव्यात.

झडलेले स्नायू थोडेफार परत येतात का? अन्नाबरोबर हालचाल असेल तर येतात. इटलीत डायलिसिसच्या रुग्णांना सहा महिने घरच्या घरी चालण्याचा साधा कार्यक्रम दिला होता. डायलिसिस नसलेल्या दिवशी दहा-दहा मिनिटांच्या दोन फेऱ्या. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत सहा मिनिटांत चालले जाणारे अंतर सरासरी ३२८ मीटरवरून ३६७ मीटरवर गेले. न चालणाऱ्यांत असा फरक पडला नाही. त्याला ना यंत्र लागले, ना व्यायामशाळा. डॉक्टरांना विचारून चाळीच्या व्हरांड्यात एवढे कोणीही करू शकतो. छातीत दुखले, दम लागला, चक्कर आली तर लगेच थांबावे. डायलिसिस झाल्या झाल्या व्यायाम करू नये आणि फिस्टुलाच्या हाताने जड ओझे उचलू नये.

ताटातला तिचा वाटा

भगिनींसाठी, आणि त्याहून अधिक त्यांच्या घरच्यांसाठी, एक गोष्ट सांगतो. पुरुष वाळला की वस्ती बोलते. बाई वाळली तर "कामाने वाळली" म्हणून सोडून देतात. रुग्ण बाई असली तरी चूल तीच पेटवते, सगळ्यांना वाढते आणि शेवटी उरलेल्या रश्श्याबरोबर भात खाते. अंडे मुलांच्या ताटात, मासळी नवऱ्याच्या ताटात. डायलिसिसवरच्या बाईला रश्शाने भागत नाही, तिला फोडी लागतात. घरच्या पुरुषांनी आणि मुलांनी तिचे ताट आधी वाढावे. हा उपकार नव्हे, औषध आहे.

अण्णांच्या घरी आता नवा कागद आहे. वर मोठ्या अक्षरात तारीख घातली आहे आणि खाली 'तीन महिन्यांनी विचारणे' असे वहिनींनी स्वतः लिहिले आहे. नव्याने ठरवलेले कोरडे वजन त्रेपन्न निघाले. म्हणजे पाच किलो अण्णा पाण्यात वाहून गेले होते! पोते उचलण्याचे दिवस परत येणार नाहीत, तसे कोणी सांगितलेही नाही. पण परवा मी गेलो तेव्हा अण्णा चटईवरून उठले. एक हात गुडघ्यावर होता, दुसरा मोकळा. उठून त्यांनी फळीवरचे पेन स्वतः काढून माझ्या हातात दिले.

ज्यांच्या घरात मूत्रपिंडाचा रुग्ण आहे, त्यांनी हा लेख वाचून झाल्यावर एवढेच करावे: कपाटावरचा कागद काढा आणि त्याची तारीख पाहा.